नववी-दहावीच्या मुलांचा मूड क्षणात का फिरतो? शाळेच्या हातात नेमकं काय आहे?

नववी_ब | ५ जुलै, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. यंदा नववी ब माझ्याकडे आहे. शाळा सकाळची, सातला घंटा होते.

या वयातल्या मुलांबरोबर बरीच वर्षं गेली, तरी एक गोष्ट अजून उलगडत नाही. पहिल्या तासाला हात वर करकरून उत्तरं देणारी मुलगी तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकून बसते. विचारलं तर "काही नाही मॅडम." दप्तर कोणी सरकवलं एवढ्यावरून एका मुलाने कंपासपेटी भिरकावली. मधल्या सुट्टीत तो आणि ज्याच्यावर भिरकावली तो, दोघंही नळावर एकमेकांवर पाणी उडवत होते. तिसरा एक मुलगा आठवडाभर गप्प होता आणि मग अचानक गॅदरिंगच्या नाटकाला नाव देऊन गेला.

स्टाफरूममध्ये यावर दोनच उत्तरं मिळतात. "वयच तसं आहे" आणि "मोबाइल". दोन्ही खरी असतील, पण त्यातून मला सोमवारी वर्गात करण्यासारखं काही हाती लागत नाही. वय मी बदलू शकत नाही आणि मोबाइल घरी असतो.

माझं निरीक्षण असं की वर्गाचा नूर ठरावीक वेळी बिघडतो. चाचणीचे पेपर वाटले की, मधल्या सुट्टीच्या आधीचा तास, आणि जत्रा किंवा लग्न होऊन गेल्यावरचा दिवस. म्हणजे याला काहीतरी धरबंध आहे. पालक, शिक्षक, डॉक्टर आणि इथे कोणी विद्यार्थी असतील तर त्यांनीही लिहा. मूड खरोखर कशाने फिरतो, आणि त्यातलं काय शाळा बदलू शकते?

चहाबिस्कीट | ५ जुलै, रात्री ९.२६

माझ्या लेकीला "काय झालं?" विचारलं की "काही नाही". नाही विचारलं की "तुला माझं काही पडलेलंच नाही". उत्तर सापडलं की मलाही कळवा, मी इथेच बसलोय.

जुनाजाणता | ५ जुलै, रात्री १०.०२

स्पष्ट लिहितो, राग नसावा. आमच्या वेळी मूड हा प्रकार नव्हता. पहाटे धारा काढायच्या, शाळेत जायचं, आल्यावर गुरं वळायची. वडिलांनी एकदा डोळे वटारले की विषय संपायचा. आता पोराने तोंड पाडलं की आईबाप त्याच्याभोवती नाचतात, म्हणून ते तोंड पाडतं. अंगमेहनत द्या आणि कौतुक कमी करा.

सुईदोरा | ५ जुलै, रात्री १०.४०

जुनाजाणता, तुमच्या वयाचा मान ठेवून लिहिते. त्या वेळीही होतंच की सगळं. माझ्या माहेरच्या गावात नापास झाल्यावर मुलं घरातून पळून मुंबईला जायची. विहीर जवळ केलेल्या पोरींची नावं आजही म्हाताऱ्या बायका हळू आवाजात घेतात. नववीच्या वयात निम्म्या मुलींची लग्नं झालेली असायची. त्यांना कोणी विचारलंच नाही, तर सांगणार कोणाला? वडिलांनी डोळे वटारल्यावर बोलणं थांबायचं. आत काय चाललंय ते थांबत नव्हतं.

अंगमेहनतीचं मात्र पटलं. त्यावर कोणीतरी सविस्तर लिहा.

डॉक्टरीणबाई | ६ जुलै, सकाळी ७.१५

बालरोगतज्ज्ञ आहे, या वयाची मुलं रोज समोर असतात. ताई, तुमचं "धरबंध आहे" हे वाक्य मला फार आवडलं, कारण खरंच आहे.

आधी वयाबद्दल. मेंदूचा भावना पेटवणारा भाग वयात येताना जोरात कामाला लागतो. थांबून विचार करणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. त्यामुळे कंपासपेटी आधी सुटते आणि विचार नंतर येतो. यात मुलाचा उर्मटपणा शोधू नका. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात ८ ते १३ या वयात कधीही होते, मुलांमध्ये ९ ते १४. म्हणजे एकाच नववीत शरीराने तीनचार वेगवेगळ्या वयांची मुलं शेजारी बसलेली असतात. ज्याला अजून मिसरूड फुटली नाही आणि जी सगळ्यांच्या आधी मोठी दिसायला लागली, त्या दोघांच्या मनावर वेगळंच ओझं असतं. वर्गात उंचीवरून, आवाजावरून, पिंपल्सवरून काय बोललं जातं याकडे कान द्या.

पण वय हे कारण सांगून आपण थांबतो, आणि त्याच्याखाली दोन साध्या गोष्टी दबून जातात.

पहिली झोप. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. या वयात मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक रात्री साधारण दोन तास उशिरा वाढायला लागतं. दहाला अंथरुणावर घातलं तरी अकरापर्यंत डोळा लागत नाही, तो हट्ट नसतो. सातची शाळा म्हणजे साडेपाचला उठणं. हिशेब तुम्हीच करा. रोज दीड-दोन तासांची झोप बुडालेलं मूल चिडकं होणारच, मोठी माणसंही होतात.

दुसरी गोष्ट रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. मुलांमध्येही ३१ टक्के. हिमोग्लोबिन कमी असलेली मुलगी थकते, तिचं लक्ष लागत नाही, किरकिर वाढते, डोकं दुखतं. ती बाकावर डोकं टेकते, आणि आपण म्हणतो मूड गेला. सकाळी चहा-बिस्किटावर आलेलं मूल दहा वाजता कोणत्या अवस्थेत असेल? मधल्या सुट्टीच्या आधीचा तास बिघडतो असं तुम्हीच लिहिलंय.

चहाबिस्कीट | ६ जुलै, सकाळी ७.३१

डॉक्टर, माझ्या आयडीवर थेट हल्ला! उद्यापासून घरात पोहे.

नववी_ब | ६ जुलै, दुपारी २.०५

डॉक्टर, मनापासून आभार. शाळेत दर आठवड्याला लोहाच्या निळ्या गोळ्या येतात. आम्ही वाटतो, पण निम्म्या गोळ्या खिडकीबाहेर पडलेल्या सापडतात. मुली म्हणतात मळमळतं.

डॉक्टरीणबाई | ६ जुलै, दुपारी ३.४८

रिकाम्या पोटी दिल्या तर मळमळणारच. डबा किंवा पोषण आहार खाऊन झाल्यावर, आपल्यासमोर, पाण्याबरोबर द्या. चहाबरोबर अजिबात नको, लोह शोषलं जात नाही. शौचाला काळी होते हेही आधीच सांगून ठेवा. मुली त्यानेही घाबरतात आणि कोणाला बोलत नाहीत. आणि पहिल्या गोळ्या शिक्षकांनी मुलांसमोर स्वतः घेतल्या तर फार फरक पडतो.

बे_एरियातून | ६ जुलै, रात्री ८.२०

झोपेच्या मुद्द्यावर भर घालतो. आमच्या कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये कायदा झाला आणि तो २०२२ च्या जुलैपासून लागू आहे. हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी सुरू करता येत नाही, मिडल स्कूल आठच्या आधी. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच साडेआठची शिफारस केली होती. माझा मोठा मुलगा कायद्याआधीच्या वेळेत शिकला आणि धाकटी नंतरच्या. स्वभाव दोघांचे वेगळे, त्यामुळे तुलना ताणत नाही. पण सकाळच्या जेवणाच्या टेबलावर आता माणसं एकमेकांशी बोलतात, एवढं नक्की.

महाराष्ट्रातही २०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने शाळेच्या वेळा बदलल्या ना? मुलांची झोप हेच कारण दिलं होतं.

नववी_ब | ६ जुलै, रात्री ८.५५

बदलल्या, पण पूर्व-प्राथमिक ते चौथीसाठी. त्यांना नऊ किंवा त्यानंतर बोलवायचं. माझी नववी सातलाच. डॉक्टरांचं वाचल्यावर वाटतंय की ज्यांना उशिराची शाळा सर्वांत जास्त हवी, तेच राहून गेले.

एसटीचा_पास | ६ जुलै, रात्री ९.१४

शाळेची वेळ कागदावर बदलून भागत नाही हो. आमच्या वाडीवर सकाळची एसटी सव्वासहाला येते, पुढची साडेदहाला. शाळा नऊची केली तरी पोरं सव्वासहालाच निघणार आणि स्टँडवर टवाळक्या करत बसणार. मुलींसाठी मानव विकास या सरकारी कार्यक्रमाच्या निळ्या बस आल्या तेव्हा आमच्या भागात मुलींची गळती बरीच थांबली, हे डोळ्यांनी पाहिलंय. बस चुकली की मुलीचा दिवसभर चेहरा उतरलेला. संध्याकाळची बस चुकली तर घरी काय ऐकून घ्यावं लागेल याची धास्ती शेवटच्या दोन तासांना असते. वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी आधी आगारात जाऊन बसावं.

चहाबिस्कीट | ६ जुलै, रात्री ९.२०

पुढच्या पानावर हा धागा महामंडळाकडे जाणार असं दिसतंय.

उसाचा_फड | ७ जुलै, दुपारी १.३०

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. इथे सगळे झोप आणि मोबाइलवर बोलताहेत, ते बरोबरच आहे. आमच्या पोरांचा मूड मात्र कॅलेंडरवर चालतो.

दसरा झाला की मुकादमाच्या, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्याच्या, गाड्या लागतात. ज्यांनी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली ते नवरा-बायको ऊसतोडीला जातात. कोणी तुमच्या सांगली-कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात. लहान लेकरं सोबत जातात. सातवी-आठवीच्या पुढची आजीजवळ राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, आईबाप दिसत नाहीत. गाडी गेल्यावरच्या आठवड्यात आठवीचा वर्ग बघा. पोरं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. वहीचं पान फाटलं म्हणून रडणारा आठवीतला पोरगा मी पाहिलाय. पोरी गप्प होतात. त्यांच्यावर स्वयंपाक पडतो, धाकटं भावंडं पडतं, आणि "आता हिचं उरकून टाकू" असं आजी शेजारणीशी बोलत असते, ते कानावर पडतं.

एक गोष्ट आम्ही करतो. फडावरून फोन येतो तो रात्री, कारण दिवसभर तोड चालते. पण रात्री आजीचा मोबाइल चार्ज नसतो किंवा रेंज नसते. मग शाळेतल्या एका शिक्षकाचा फोन शनिवारी दुपारी मुलांसाठी ठेवतो. ज्यांची आई उचलेल त्यांनी बोलायचं. मुलं फार बोलत नाहीत. "जेवलीस का? पाय बरा झाला का? आजीनं बकरी विकली." एवढंच. पण सोमवारी ते पोरगं वेगळं असतं. उपस्थितीपटावर सुद्धा दिसतं ते.

तेव्हा ताई, तुमच्या वर्गात कारखान्याच्या पट्ट्यात आलेली आमच्याकडची लेकरं असतील तर त्यांच्याकडं जरा जास्त लक्ष द्या. ती मधेच येतात, मधेच जातात, आणि त्यांना वर्गात मैत्र नसतं.

सुईदोरा | ७ जुलै, दुपारी २.१०

सर, वाचून थांबले जरा. शनिवारचा फोन आवडला.

नववी_ब | ७ जुलै, रात्री ९.०५

सर, आहेत. दिवाळीनंतर दोन-तीन मुलं येतात आणि आम्ही त्यांना शेवटच्या बाकावर जागा देतो, कारण मधे रिकामी नसते. हे यंदा बघते.

अकरावी_सायन्स | ७ जुलै, रात्री ११.४८

मी सतरा वर्षांची आहे, आईच्या आयडीवर वाचत होते, मग स्वतःचा काढला. सगळे आमच्याबद्दल बोलताय तर मीही लिहिते.

मोबाइलबद्दल. हो, मोबाइलमुळे मूड जातो. पाच मैत्रिणी बाहेर गेल्या आणि मला न विचारता गेल्या, हे स्टोरीवर कळतं तेव्हा पोटात खड्डा पडतो. मेसेज वाचलेला दिसतो पण उत्तर येत नाही, तेव्हा अभ्यासात एक अक्षर डोक्यात जात नाही. पण मूड आधीच गेलेला असतो म्हणूनही आम्ही मोबाइल हातात घेतो. घरी भांडण चालू असेल तर कानात इयरफोन घालणं एवढंच आमच्या हातात असतं. त्या वेळी मोबाइल काढून घेतला तर भांडण ऐकत बसावं लागतं.

शाळेबद्दल. माझा मूड सगळ्यात जास्त कशाने जायचा सांगू? सगळ्यांसमोर नाव घेऊन बोलल्याने. "तुझी बहीण पहिली यायची" हे एक वाक्य मी दहावीच्या वर्षात किती जणांकडून ऐकलं असेल. पेपर वाटताना मार्क मोठ्याने वाचायचे, तेही वरून खाली. ज्यांचं नाव शेवटी येणार ते आधीपासून खाली बघत बसायचे. त्यानंतरच्या तासाला सर विचारायचे, आज सगळे मेलेल्यासारखे का बसलात?

आणि "काही नाही" म्हणतो तेव्हा खरंच कधीकधी काय झालंय ते आम्हाला सांगता येत नाही. लपवत नसतो दरवेळी.

चहाबिस्कीट | ८ जुलै, सकाळी ६.५०

शेवटचं वाक्य लेकीच्या आईला वाचून दाखवलं. बेटा, लिहीत राहा. आणि रात्री पावणेबाराला जागी होतीस, डॉक्टर बघताहेत.

लातूरकर_बाबा | ८ जुलै, दुपारी १२.१५

मुलीने पेपर वाटण्याचं लिहिलं त्यावरून. आम्ही मूळचे परभणीकडचे, मुलाच्या शिकवणीसाठी पत्नी आणि मुलगा लातुरात खोली घेऊन राहतात, मी जाऊन-येऊन असतो. तिथे रविवारी टेस्ट आणि मग रँक. रँकचा मेसेज मुलाच्या आधी वडिलांच्या फोनवर येतो. पूर्ण गल्लीत खोल्याच खोल्या, आणि निकालाच्या संध्याकाळी मेसमध्ये कोण जेवायला आलं नाही यावरून कोणाचं काय झालं ते सगळ्यांना कळतं. माझ्या मुलाचा आठवडा त्या मेसेजभोवती फिरायचा. शुक्रवारपासून पोट बिघडायचं, गुरुवारी जरा हसायचा.

आम्ही आता मेसेज आला तरी उघडत नाही. तो फोन करतो, स्वतःहून सांगतो, मग मी बघतो. फोनवर पहिला प्रश्न जेवणाचा. रँक तीच येते वर-खाली, पण शुक्रवारचं पोट शांत झालं.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने २०२४ च्या जानेवारीत मार्गदर्शक सूचना काढल्या की १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये. तरी "फाउंडेशन"च्या नावाने आठवी-नववीचे वर्ग सुरू असलेले दिसतात. ताई, तुमच्या वर्गातली किती मुलं शाळेआधी किंवा शाळेनंतर शिकवणीला जातात ते विचारा. सातची शाळा, एकला घर, तीनला शिकवणी, सातला दुसरी. या मुलाने हसायचं कधी?

मनोवाचक | ८ जुलै, सायंकाळी ६.४०

मानसशास्त्रात एमए करतोय. लातूरकरांच्या मुद्द्याला धरून एक अभ्यास आठवला. अमेरिकेत रीड लार्सन यांनी सहकाऱ्यांबरोबर किशोरवयीन मुलांना पेजर देऊन दिवसातून अनेकदा विचारलं होतं की या क्षणी काय करतोयस आणि कसं वाटतंय. पुढे चंडीगडच्या सुमन वर्मा यांनी त्यांच्याबरोबर भारतात तसाच अभ्यास केला. शहरी मध्यमवर्गातली आठवीची १०० मुलं, आठवडाभर हातात गजराची घड्याळं, आणि गजर वाजला की नोंद. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला.

दिसलं असं की अभ्यास करताना मुलं सर्वांत उदास आणि कंटाळलेली असतात. जी जास्त वेळ गृहपाठात घालवतात त्यांच्या नकारात्मक भावनांच्या नोंदी जास्त. याच मुलांच्या नोंदींवरून आणखी एक गोष्ट पुढे आली, तिचं मला आश्चर्य वाटलं होतं. आपली मुलं घरच्यांबरोबर बराच वेळ घालवतात आणि त्या वेळात त्यांना बहुतांशी बरं वाटतं. म्हणजे या वयात मुलांना आईबाप नकोसेच होतात, हे आपल्याकडे सरसकट खरं नाही.

एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजार मुलांची पाहणी केली. त्यात ८१ टक्के मुलांनी काळजीचं कारण अभ्यास, परीक्षा आणि निकाल असं सांगितलं. मोबाइल हा चर्चेतला आरोपी असेल, पण मुलं बोट दुसरीकडे दाखवतात.

जुनाजाणता | ८ जुलै, रात्री ८.३०

मेहनतीबद्दल सुईदोरा यांनी विचारलं म्हणून पुन्हा लिहितो. मी हायस्कूलला पी.टी. शिकवत होतो. आमच्याकडे आठवड्याला शारीरिक शिक्षणाचे तास वेळापत्रकात असायचे, आणि दहावीचा दिवाळीनंतरचा प्रत्येक तास गणित-इंग्रजीवाले मागून न्यायचे. मैदानावर आणलेला वर्ग आणि न आणलेला वर्ग, पुढच्या तासाला ओळखू यायचा. खो-खो खेळताना पोरगं पडतं, हरतं, चिडतं आणि पाच मिनिटांनी परत पाठलागाला उभं राहतं. राग आला तरी खेळ सोडायचा नाही, हे तिथे शिकतं ते. मुलींना तर मैदानावर आणायला भांडावं लागायचं.

लाडाबद्दलचं माझं मत कायम आहे. पण अकरावीच्या मुलीने मार्क मोठ्याने वाचण्याबद्दल लिहिलं ते योग्य आहे. ते शिस्तीत बसत नाही, तो चारचौघांत केलेला अपमान आहे.

सुईदोरा | ८ जुलै, रात्री ९.१५

आता मुलींबद्दल एक जे कोणी लिहिलं नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती अनियमित असते. कधी येईल याचा भरवसा नसतो. सफेद गणवेश असेल तर मुलगी दिवसभर मागे हात लावून बघत असते. पाळीच्या आधीचे काही दिवस चिडचिड, रडू, अंग जड होणं हे शरीरातूनच येतं, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. तिला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलंय.

आणि शाळेचं स्वच्छतागृह. दाराला कडी नाही, पाणी नाही, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मी बचत गटाच्या कामाने एका शाळेत जात असे. तिथे मुलींच्या बाटल्या दुपारी जशाच्या तशा भरलेल्या. दिवसभर पाणी न प्यायलेल्या मुलीचं डोकं दुखेल नाहीतर काय? कडी, बादली, मग, आणि कपाटात पॅड ठेवून किल्ली एखाद्या मुलीकडेच द्यायची. मागायला बाईंकडे जावं लागलं तर त्या जात नाहीत.

डॉक्टरीणबाई | ८ जुलै, रात्री १०.२०

सुईदोरा, शंभर टक्के.

एक गोष्ट राहून गेली तर मला चैन पडणार नाही. क्षणात फिरणारा मूड आणि आजार यातला फरक. कंपासपेटी फेकून दहा मिनिटांत पाणी उडवणाऱ्या मुलाची मला काळजी वाटत नाही. दोन आठवडे किंवा जास्त सतत उदास किंवा सतत चिडलेलं, आवडीचं सगळं सोडून दिलेलं, मित्रांपासून तुटलेलं, जेवण-झोप बदललेलं, मार्क अचानक घसरलेले, असं मूल दिसलं तर वाट बघू नका. या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून दिसतं, त्यामुळे ते उद्धटपणात खपून जातं. उकाड्यातही पूर्ण बाह्या घालणारी मुलगी, आवडीच्या वस्तू वाटून टाकणारा मुलगा, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं हसत हसत म्हणालेलं वाक्य, हे हलक्यात घेऊ नका. थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मूल मोकळं होतं. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, पालकांना गाठा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. वर्गाच्या फलकावर कायमचा लिहून ठेवा. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथेही पाठवता येतं.

मांडवी_किनारा | ९ जुलै, सकाळी १०.१०

मी गोव्यात शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. ताईंच्या मूळ प्रश्नाकडे परत येते, शाळेच्या हातात काय आहे.

बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत बाहेरची एक प्रशिक्षित व्यक्ती नेमली, मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. काही शाळांत तेच काम तिथल्याच शिक्षकाला दिलं. काम साधं होतं. भित्तिपत्रक, मुलांनी चिठ्ठ्या टाकायची पेटी, वर्गात गटचर्चा, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्याने बोलणं. बाहेरची व्यक्ती होती त्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी कमी झाली, दादागिरी कमी झाली. शिक्षकाने केलं तिथे फारसा फरक दिसला नाही.

मला यात शिक्षकांचा दोष वाटत नाही. जो पेपर तपासतो, वडिलांना बोलावतो, त्याला मूल मनातलं सांगताना दहादा विचार करणारच. म्हणून ताई, तुम्ही कितीही मायेने विचारलंत तरी "काही नाही मॅडम" येईल. बोलायला दुसरं माणूस हवं.

नववी_ब | ९ जुलै, दुपारी ३.३०

हे वाचून थोडं लागलं. माझ्याकडे मुली येऊन बोलतात, अगदी घरचं सांगतात. शिक्षकाला मन सांगता येत नाही हे मी सरसकट मान्य करणार नाही. पण मुलगे येत नाहीत, हेही खरं आहे.

आणि आमच्यासारख्या शाळेत बाहेरचं माणूस आणायचं कुठून? पद मंजूर नाही, मानधनाला पैसे नाहीत.

उसाचा_फड | ९ जुलै, दुपारी ४.१२

आमच्याकडं आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, येतात महिन्यातून दोनदा. मुली त्यांना सगळं सांगतात. मुलांसाठी मात्र कोणी नाही. गावातला निवृत्त पोस्टमन वाचनालयात बसतो, त्याच्याशी पोरं तासन्‌तास गप्पा मारतात. पदवी नसेल, पण तो कोणाचे मार्क विचारत नाही.

मांडवी_किनारा | ९ जुलै, सायंकाळी ५.०५

ताई, तुमचं म्हणणं मान्य. चांगल्या शिक्षकाशी मुलं बोलतात. फक्त तेवढ्यावर व्यवस्था उभी करू नये, एवढंच म्हणायचं होतं. पोस्टमनकाकांसारखं माणूस मिळालं तर त्याला आधी थोडं शिकवा. ऐकून घ्यायचं, गावभर करायचं नाही, आणि डॉक्टरांनी वर लिहिलेल्या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी सांगायचं.

नववी_ब | १० जुलै, रात्री ९.४०

मुख्याध्यापकांशी आज बोलले. शाळेची वेळ आमच्या हातात नाही, एसटी तर नाहीच. पण चाचणीचे पेपर आता मार्क न वाचता, घडी घालून, शेवटच्या तासाला द्यायचे. दुसऱ्या तासानंतर पाच मिनिटं पाणी आणि खाऊची सुट्टी. निळी गोळी मधल्या सुट्टीनंतर, आधी आम्ही शिक्षक घेणार. नववीचे पी.टी.चे तास कोणी मागायचे नाहीत. यावर गणिताच्या सरांचा विरोध आहे, बघू. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी उद्या बसते. पेटीसाठी आमचे निवृत्त ग्रंथपाल तयार आहेत, गावातच राहतात. पण चिठ्ठ्यांमध्ये शिक्षकांची नावं आली तर काय करायचं, या प्रश्नावर मीटिंग अडली.

जुनाजाणता | १० जुलै, रात्री १०.०८

येणारच. आणि शिव्याही येतील. पहिला महिनाभर टवाळकीच निघेल, त्यावरून पेटी बंद करू नका.

मांडवी_किनारा | ११ जुलै, सकाळी ८.३०

जुनाजाणता बरोबर सांगताहेत. पेटी स्टाफरूमसमोर ठेवू नका, जिन्याखाली किंवा वाचनालयात ठेवा. किल्ली ग्रंथपालांकडेच. अक्षर ओळखायचा प्रयत्न कोणी करायचा नाही. उघडायचा वार ठरवून फलकावर लिहा, म्हणजे चिठ्ठी पडून राहत नाही. जीवाला धोका किंवा अत्याचाराचा संशय येईल ती चिठ्ठी ग्रंथपालांनी त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे न्यायची. ती भित्तिपत्रकावर कधीच लावायची नाही. लैंगिक अत्याचाराचं असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवा. शिक्षकांबद्दलच्या तक्रारीत नाव झाकून मजकूर मीटिंगमध्ये वाचा. तीच तक्रार पुन्हा पुन्हा आली तर मुख्याध्यापकांनी त्या शिक्षकाशी एकट्याने बोलावं. गणिताच्या सरांना पेटीच्या समितीत घ्या.